पाऊस लागण्याआधी कोरफडीचा गर काढून ठेवा, पण घाईने नको

आभाळ भरून यायला लागलं की कोरफडीची खालची जाड पानं उतरवून घ्यावीत. एकदा झड लागली की पानांत पाणी भरतं, गर पातळ निघतो आणि जमिनीलगतच्या पानांवर चिखल उडून बसतो. असा गर फ्रीजमध्ये कितीही निगुतीने ठेवला तरी लवकर आंबतो. तोडणीआधी चार-पाच दिवस पाणी बंद ठेवा आणि सकाळी दव सुकल्यावर विळा हातात घ्या. सकाळचीच वेळ का, तर कोरफड रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेते आणि आम्लाच्या रूपात पानात साठवते. दिवस चढतो तसं ते आम्ल वापरलं जातं. म्हणून सकाळचा गर जरा जास्त आंबट असतो, आणि हा आंबटपणा टिकवणीला मदतच करतो.

झाड दोन-तीन वर्षांचं असेल तर बाहेरच्या बाजूची तीन-चार पानं घ्या, मधल्या कोवळ्या पानांना हात लावू नका. पान खोडाला चिकटलेलं असतं तिथे बुडखा पांढरट असतो. तो पानासोबतच आला पाहिजे. वरून मध्येच चिरलं की आतला गर उघडा पडतो आणि जंतूंना वाट मिळते.

माझं मत विचाराल तर गर साठवायला पानासारखं भांडं नाही. अख्खं पान न सोलता, कोरड्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतं. सोललेल्या गराला तितकं आयुष्य नसतं, कारण त्यात जवळजवळ 99 टक्के पाणीच असतं. लागेल तेवढंच सोला.

सोलण्याआधी पान धुऊन पुसा, बुडाकडून पातळ काप घ्या आणि कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभं ठेवा. पिवळसर चीक थेंब थेंब उतरतो, त्याला उग्र वास असतो. पंधरा-वीस मिनिटं थांबा. इथेच लोक घाई करतात आणि मग दोन दिवसांत गर गुलाबी-तपकिरी झाला म्हणून झाडाला दोष देतात. हा चीक सालीच्या लगेच खाली असतो. त्यातल्या अ‍ॅलोइनमुळे कातडीला खाज सुटू शकते आणि पोटात गेला तर मुरडा येऊन जुलाब होतात. म्हणून दोन्ही कडांचे काटे काढल्यावर साल जरा जाडसर सोला आणि गराच्या वड्या स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या. पाणी पिवळं दिसायचं थांबलं की झालं. गरोदर बाईने मात्र कोरफड पोटात घेऊच नये.

मिक्सर अगदी थोडा फिरवा. जास्त फिरवला की फेस येतो, म्हणजे गरात हवा शिरते, आणि हवेनेच तो काळवंडतो. वड्या तशाच ठेवल्या तर आणखी बरं. काचेची बरणी उकळून, पूर्ण कोरडी करून घ्या, गर काठोकाठ भरा आणि फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवा. दारात ठेवली तर उघडझाप होते तसतसा गारवा कमी-जास्त होतो. पाच ते सात दिवसांत संपवा. बोट बुडवू नका, कोरडा चमचा वापरा.

पाव लिटर गरात व्हिटॅमिन सीची 500 मिलिग्रॅमची साधी गोळी (रंग-गोडी नसलेली) पूड करून घातली तर रंग जास्त दिवस राहतो. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल टाकणारे पुष्कळ आहेत. कातडीला ती चालते, पण जंतू रोखणं हे तिचं काम नाही. तिच्या भरवशावर बरणी बाहेर ठेवू नका. उकळून टिकवायचाही प्रयत्न करू नका, उष्णतेने बुळबुळीतपणा जातो आणि त्यातच गराचा गुण असतो.

पावसाळाभर पुरवायचा असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा. खडे घट्ट झाले की पिशवीत काढून हवा दाबून बाहेर घालवा आणि वर तारीख लिहा. उणे 18 अंशांवर सहा महिने निघतात. वितळल्यावर गर थोडा पाण्यासारखा होतो, त्यात बिघडलेलं काही नाही. पण एकदा वितळलेला खडा परत गोठवू नका. आंबूस वास, बुडबुडे किंवा वर पांढरी साय दिसली तर जीव तुटला तरी फेकून द्या.

पानं उतरवलेल्या झाडाला दोन-तीन दिवस पाणी देऊ नका. काप सुकून त्यावर कोरडा पापुद्रा धरला पाहिजे. म्हणूनच तोडणी पावसाच्या आदल्या दिवशी करू नका, हाताशी थोडे दिवस ठेवून करा. ओला काप पावसात भिजला की कूज तिथूनच खोडात उतरते.