प्रयोगशाळेसाठी पॉवर ॲम्प्लिफायर निवडताना या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात एखाद्या लहान कारखान्याच्या चाचणी विभागात फंक्शन जनरेटर (हव्या त्या आकाराचा आणि फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करणारे उपकरण) बहुधा असतोच. अडचण येते ती त्याच्या सिग्नलवर कॉइल किंवा पिझो ॲक्च्युएटर (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांब-आखूड होणारा घटक) चालवायची वेळ आल्यावर. नेहमीचा जनरेटर ५० ओहमच्या लोडवर (आउटपुटला जोडलेल्या घटकावर) १० व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत, देतो, म्हणजे जेमतेम पाव वॉट. म्हणून पॉवर ॲम्प्लिफायर घ्यायचे ठरते आणि निवड वॉटच्या आकड्यावरून होते. पहिली चूक हीच.

४ ओहमवर १०० वॉट देणारा ॲम्प्लिफायर प्रत्यक्षात २० व्होल्ट आरएमएस (शक्तीच्या हिशेबाने धरलेले परिणामी मूल्य) आणि ५ अँपिअर देत असतो. त्यालाच ५० ओहमचा लोड जोडला, तर व्होल्टेज फारसे वाढत नसल्यामुळे हाती सुमारे ८ वॉटच लागतात. म्हणून आपल्या लोडला किती व्होल्ट, किती अँपिअर आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत लागतात, हे आधी कागदावर मांडावे. वॉटकडे नंतर पाहिले तरी चालते.

पिझोच्या बाबतीत हा हिशेब सर्वाधिक चुकतो. पिझो म्हणजे विद्युतदृष्ट्या कपॅसिटर. तो स्वतः शक्ती जवळजवळ खात नाही, म्हणून लहान ॲम्प्लिफायर पुरेल असे वाटते. पण १०० नॅनोफॅरडच्या पिझोला १० किलोहर्ट्झवर १०० व्होल्ट पीक द्यायचे, तर सुमारे ०.६३ अँपिअर पीक करंट लागतो, आणि लोड शक्ती खात नसल्यामुळे सप्लायमधून घेतलेली जवळजवळ सगळी ऊर्जा लिनिअर ॲम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमध्येच उष्णता होऊन बाहेर पडते. एप्रिल-मेमध्ये, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, २५ अंशांना दिलेले डेटाशीटमधले आकडे तसेच धरून चालणे धोक्याचे आहे. कॉइलचे गणित उलट आहे: १० मिलिहेन्रीची कॉइल १ किलोहर्ट्झवर सुमारे ६३ ओहमचा विरोध करते आणि १० किलोहर्ट्झवर ६२८ ओहमचा, त्यामुळे करंट तेवढाच ठेवायचा तर दसपट व्होल्टेज लागते.

डेटाशीटमधली बँडविड्थ (ॲम्प्लिफायर हाताळू शकतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) अनेकदा लहान सिग्नलसाठी दिलेली असते. ५० व्होल्ट पीकची साइन वेव्ह १०० किलोहर्ट्झवर हवी असेल, तर स्लू रेट, म्हणजे आउटपुट व्होल्टेज बदलण्याचा कमाल वेग, किमान ३१.४ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद असावा लागतो. फ्रिक्वेन्सी वाढवताना साइन वेव्ह त्रिकोणी होऊ लागली तर स्लू रेट कमी पडतो आहे असे समजावे; लोड न जोडताच तिचा माथा सपाट झाला तर व्होल्टेजची मर्यादा आली, आणि लोड जोडल्यावरच सपाट होत असेल तर बहुधा करंटची.

स्वस्त पर्याय म्हणून ऑडिओ ॲम्प्लिफायर घ्यायला हरकत नाही, मात्र त्यातून सहसा डीसी पुढे जात नाही आणि कमी फ्रिक्वेन्सीची स्क्वेअर वेव्ह तिरकी दिसते. शिवाय त्याचे आउटपुट ब्रिज पद्धतीचे (दोन ॲम्प्लिफायर लोडची दोन टोके उलट दिशांनी चालवतात असे) असेल तर दोन्ही टर्मिनल जिवंत असतात. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची अर्थ क्लिप त्यांपैकी एकाला लावली की ते टर्मिनल थेट अर्थला शॉर्ट होते. अशा वेळी दोन चॅनेल घेऊन त्यांची वजाबाकी पाहावी किंवा डिफरन्शियल प्रोब (अर्थशी न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) वापरावा. ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याची जी सवय बऱ्याच ठिकाणी दिसते, तिचे समर्थन कशानेही होत नाही.

आउटपुट अपेक्षेच्या बरोबर दुप्पट येत असेल, तर ॲम्प्लिफायरला दोष देण्यापूर्वी जनरेटरची लोड सेटिंग पाहावी. ती ५० ओहमवर असेल आणि ॲम्प्लिफायरचा इनपुट १० किलोओहमचा असेल, तर पडद्यावर १ व्होल्ट दिसत असताना आत सुमारे २ व्होल्ट जात असतात. लोड जोडल्यावर वेव्हच्या माथ्यावर बारीक झालर दिसली, तर ॲम्प्लिफायर ऑसिलेट होत असण्याची शक्यता असते. कपॅसिटिव्ह लोडबरोबर हे विशेष घडते. आउटपुटला सिरीजमध्ये काही ओहमचा, पुरेशा वॉटचा रेझिस्टर टाकून पाहावा आणि लोडपर्यंतची केबल शक्य तेवढी आखूड ठेवावी.