चार चॅनल म्हणजे चार सूत्रं नव्हेत

इंदूरमध्ये पत्रकारिता शिकून नुकतीच डेस्कवर लागलेली मुलं-मुली मला अधूनमधून फोन करतात. मथळा, इंट्रो, भाषांतर, शिफ्टची अदलाबदल यांबद्दल मी फार बोलत नाही, ते दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. मी त्यांना ८ मे २०२५ ची रात्र सांगते. अजूनही ती आठवली की पोटात खड्डा पडतो.

आदल्या दिवशी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं होतं. त्याच संध्याकाळी इंदूरमध्ये नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, भोंगे वाजले, दिवे मालवले. रामबागेतल्या आमच्या गल्लीत मुलं गॅलरीत उभी राहून अंधार बघत होती. शहर आधीच जीव मुठीत धरून बसलेलं. ८ तारखेला माझी रात्रपाळी होती. हिंदी न्यूज पोर्टलचा डेस्क, आम्ही तिघं, समोरच्या भिंतीवर चार टीव्ही. रात्री उशिरा एका टीव्हीवर आलं की नौदलाने कराची बंदरावर हल्ला केला. थोड्या वेळात दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, मग चौथ्यावर. शिफ्ट इनचार्ज म्हणाले, "चारों चला रहे हैं, तू किसका इंतज़ार कर रही है?" मी मथळा लिहिला आणि पुश टाकला, म्हणजे आमचं ॲप असलेल्यांच्या फोनवर ती सूचना म्हणून गेली. बटण माझ्या बोटाने दाबलं गेलं. इनचार्जचं नाव पुढे करून मी सुटत नाही.

असा हल्ला झालाच नव्हता.

आता ही फसगत नीट समजून घ्या, कारण डेस्कवरची चांगली चांगली माणसं इथेच घसरतात. चार चॅनल दाखवतायत म्हणजे चार जणांनी खात्री केली, असं मी धरून चालले होते. पण दुसऱ्या चॅनलच्या डेस्कवरही माझ्यासारखीच कुणीतरी बसलेली असते आणि तिच्यासमोर पहिलं चॅनल लावलेलं असतं. तिसरं दुसऱ्याकडे बघतं. पहिल्याने एखादी पोस्ट 'सूत्रांनुसार' म्हणून चालवलेली असते, आणि मग पोस्ट टाकणारा लिहितो, बघा, आता टीव्हीवरही आलं! ते वाचून चौथ्याची शंका फिटते. वर्तुळ पुरं होतं आणि मध्ये कुणीही काहीही पाहिलेलं नसतं. चार आवाज ऐकू येतात, पण बोलणारा एकच असतो, आणि तो कोण हे कुणालाच माहीत नसतं.

त्या रात्रीची गाठ तर आणखी अवघड होती. कराची पोर्ट ट्रस्टच्या स्वतःच्या एक्स खात्यावरूनच बंदराचं मोठं नुकसान झाल्याची पोस्ट पडली होती. नंतर त्यांनीच कळवलं की खातं हॅक झालं होतं, बंदर सुरळीत चालू आहे. म्हणजे अधिकृत खातंसुद्धा एकट्याने पुरेसं नसतं. बंदर पेटलं असेल तर ते फक्त एका पोस्टमध्ये पेटत नाही. जहाजं थांबतात, शहरातली माणसं गच्चीवरून फोटो काढतात, परदेशी वृत्तसंस्थांची तिथली माणसं लिहितात. असं काही दिसतंय का, एवढंच मी दहा मिनिटं बघायला हवं होतं. कराचीची आग म्हणून तेव्हा फिरलेला एक व्हिडिओ तर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला झालेल्या विमान अपघाताचा निघाला.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. इंदूरच्या एका हिंदी दैनिकात टेलिप्रिंटरच्या काळापासून उपसंपादक होते, आता निवृत्त. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन रडले. त्यांनी एकच विचारलं, "तार कुणाची होती?" त्यांच्या काळी बातमी हातात आली की पहिला प्रश्न हाच, कुठल्या वृत्तसंस्थेची, पीटीआयची की यूएनआयची, आणि दोन्ही तारांत आकडा जुळतो का. तार नसेल तर बातमी सकाळच्या पानावर जात नसे, मग संपादक कितीही ओरडो. मला हे एक वाक्य कॉलेजच्या दोन वर्षांपेक्षा जास्त उपयोगी पडलं. म्हणून माझं ठाम मत आहे की गुरू करायचा असेल तर ब्रेकिंगचे किस्से सांगणाऱ्या अँकरला करू नका. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका कापल्या, अशा म्हाताऱ्या उपसंपादकाला धरा. तो कंटाळवाणा वाटेल. वाटू दे.

शॉर्टकटबद्दलही सांगून टाकते. स्क्रीनशॉटवरची वेळ पुरावा म्हणून धरू नका, एक्सवर वेळ बघणाऱ्याच्या फोनप्रमाणे दिसते आणि पाकिस्तान आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. एआय चॅटबॉटला "हा व्हिडिओ खरा आहे का" असं विचारून मोकळं होऊ नका. त्याच मे महिन्यात एक्सवरच्या ग्रोक या चॅटबॉटने सुदानमधल्या खार्तूम विमानतळाचा जुना व्हिडिओ पाकिस्तानच्या नूर खान हवाई तळावरचा हल्ला म्हणून सांगितला होता. रात्रीचं, हलणारं, धूसर, माणसं नसलेलं आणि आवाज नीट नसलेलं युद्धदृश्य आलं की आर्मा ३ हा व्हिडिओगेम आठवा. या खुणा तो गेम बनवणाऱ्या कंपनीनेच २०२२ मध्ये लोकांना सांगितल्या आहेत. व्हिडिओतली एक फ्रेम काढून गूगल लेन्सवर शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आणि महू. हे फक्त आपल्याकडच्या मुलांसाठी. महूची छावणी इथून २५ किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, प्रत्येकाच्या ओळखीचं कुणीतरी तिथे असतं. तणाव वाढला की एबी रोडवरून जाणाऱ्या लष्करी गाड्यांचे व्हिडिओ तुमच्या फोनवर येणार, पाठवणारा भारावलेला असणार. ते चालवू नका. गाड्या किती, कुठल्या दिशेने, यातलं एक अक्षरही नको. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिल २०२५ ला सगळ्या माध्यमांना हेच कळवलं होतं आणि त्यात कारगिल, कंदाहार आणि २६/११ ची आठवण दिली होती. २६/११ ला पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपलाच टीव्ही बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ च्या कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत लिहिलं आहे, ते पूर्ण वाचा.

सोशल मीडियाने हे सगळं बिघडवलं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. इराकने कुवेत बळकावलं होतं तेव्हा, १० ऑक्टोबर १९९० ला, अमेरिकेत खासदारांच्या एका गटासमोर नायिरा नावाच्या १५ वर्षांच्या कुवेती मुलीने रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी दवाखान्यातल्या इन्क्युबेटरमधून बाळं काढून जमिनीवर मरायला टाकली. टीव्हीने दाखवलं, राष्ट्राध्यक्षांनी भाषणांत पुन्हापुन्हा सांगितलं, ॲम्नेस्टीसारख्या मानवी हक्क संस्थेनेही ते मानलं. अमेरिकेचं इराकशी युद्ध होऊन गेलं, आणि १९९२ मध्ये कळलं की ती अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची मुलगी होती. तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीच्या मोहिमेचा भाग होती आणि गोष्टीला आधार सापडला नाही. तेव्हा इंटरनेट घराघरांत नव्हतं. वर्तुळ मात्र हेच होतं.

चुकलेल्या बातमीची किंमत कोण भरतं? ७ मेला पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांत एका मदरशाचे शिक्षक गेले. काही चॅनलनी त्यांना अतिरेकी ठरवून टाकलं. पूंछ पोलिसांनी निवेदन काढून ते साफ खोटं असल्याचं सांगितलं. घरात मयत पडलेलं, आणि घरच्यांना आपला माणूस अतिरेकी नव्हता हे सांगत बसावं लागलं.

मी भरायला लावलेली किंमत मला ९ तारखेच्या सकाळी दिसली. शेजारच्या काकूंचा धाकटा नौदलात आहे. मी सातला घरी आले तर त्यांचं दार उघडंच होतं. देवापुढची समई तेल संपून विझली होती, वात काजळून काळी पडलेली. काकू समईत तेल घालायला कधी विसरत नाहीत. हातात फोन, आणि त्यावर मी टाकलेला पुश तसाच, पुसलेला नाही. ते ॲप त्यांनी फक्त मी तिथे काम करते म्हणून घेतलं होतं. "रात्रभर त्याचा फोन लागत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "टीव्हीवर माझा विश्वास नव्हता. पण तुमच्याकडेही आलं, मग म्हटलं खरंच असणार."

मला काहीच बोलता आलं नाही. मुलगा सुखरूप होता, दुपारी त्याचा फोन आला.

नव्यांना घाबरवायचं नाही मला. तुम्ही चुकाल, सगळेच चुकतात, आणि एका चुकीने कुणी पत्रकार म्हणून संपत नाही. युद्धाच्या रात्री दहा मिनिटं मागे राहिलेलं पोर्टल सकाळी कुणाच्या लक्षातही राहत नाही, हे मी लिहून देते. ९ मेला एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार ही अफवा फिरत होती. तेव्हा मी पुश थांबवला, बँकेत नोकरी करणाऱ्या दादाला विचारलं, तोवर पीआयबीनेही, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयानेही, ती खोटी असल्याचं सांगितलं. तसंच लिहिलं. शिफ्टमध्ये बोलणी खाल्ली, पण घरी येऊन शांत झोपले.

पण चूक झाल्यावर काय करायचं यात मात्र सूट नाही. आमच्याकडे कराचीची बातमी गुपचूप काढून टाकली गेली. मी म्हटलं, जेवढ्या लोकांना पुश गेला तेवढ्यांना दुरुस्तीचा पुश जाऊ दे, एका ओळीचा, 'आमची रात्रीची बातमी चुकीची होती'. नाही म्हणाले. मी दोनदा मागितलं, दोनदा नाही. मग त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेले, त्यांच्या फोनवरचा तो पुश त्यांच्यासमोर उघडला आणि सांगितलं की हे खोटं होतं, मी न तपासता टाकलं होतं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "रात्री सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," आणि उठून समईत तेल घालायला गेल्या.