जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्राहकांचा क्लब कसा चालवावा

जुने कॅमेरे जमवणारी चार माणसं एकत्र आली की क्लब सुरू व्हायला वेळ लागत नाही. तो रखडतो नंतर. पहिल्या बैठकीत जो तो आपली खास वस्तू दाखवतो, दुसरीत ‘हा केवढ्याला पडला?’ सुरू होतं आणि तिसरीपासून भावाशिवाय बोलणंच उरत नाही. म्हणून आरंभीच ठरवून टाका: बैठकीत कॅमेरा उघडायचा, चालवायचा, समजून घ्यायचा, व्यवहाराची वेळ वेगळी.

आधी संग्रहात काय धरायचं ते ठरवा

लांबलचक घटना लिहीत बसू नका, एक पान पुरे. वर्गणी, हिशेब, जागा हे विषय पटकन मिटतात. वेळ द्या तो एकाच प्रश्नाला: काय संग्रह मानायचं? फक्त कॅमेरे म्हटलं तर क्लब पैसेवाल्यांचा होतो. माहितीपुस्तिका, फिल्मचे डबे, फ्लॅशचे बल्ब, जाहिराती, स्टुडिओचा शिक्का असलेले पुठ्ठ्यावरचे फोटो हेही धरले, तर नव्या सभासदाकडेही मांडायला काही असतं. शिवाय एखादा कॅमेरा नेमका कसा चालवायचा, हे बरेचदा त्या पुस्तिकेतच सापडतं.

बैठकीचा विषय लहान ठेवा

‘लायका’ हा जर्मन कॅमेरा, पण नुसता ‘लायका’ हा एका संध्याकाळचा विषय नाही. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकाने सिनेमाची ३५ मिमी फिल्म घेतल्यामुळे काय बदललं, हा आहे. किंवा १९०० साली एका डॉलरला विकली गेलेली कोडॅकची ब्राउनी, म्हणजे साधा पेटीसारखा कॅमेरा, टेबलावर ठेवा आणि एवढ्या किमतीत बसवण्यासाठी त्यातून काय काय वगळलं, ते सभासदांना शोधू द्या. किमतीवर बोलायचंच असेल तर ते असं बोलावं.

सगळ्यात रंगते ती कृतीची बैठक. कोडॅकने ६२० ही रोल फिल्म १९९५ मध्ये बंद केली आणि त्या मापाचे कितीतरी कॅमेरे कपाटात गेले. पण ६२० आणि अजूनही मिळणारी १२० ही फिल्म रुंदीला सारखीच आहे. फरक रिळाचा: ६२० चा दांडा बारीक, दोन्ही टोकांच्या चकत्या लहान. १२० चा रोल पूर्ण अंधारात आधी एका रिकाम्या रिळावर आणि तिथून ६२० च्या रिळावर गुंडाळला की काम होतं. रोलमध्ये फिल्म पाठीमागच्या कागदाला एकाच टोकाला चिकटपट्टीने चिकटवलेली असते. दुसऱ्या गुंडाळणीत त्या पट्टीपाशी फुगा येतो, तेव्हा पट्टी सोडवून पुन्हा बसवावी लागते. आधी वाया गेलेल्या रोलवर उजेडात सराव करून घ्या. मग प्रत्येकाने एक रोल काढावा आणि पुढच्या बैठकीला फोटो आणावेत.

हाताळणी

कॅमेरा आधी मालकाने चालवून दाखवावा, मगच इतरांनी हात लावावा. झॉर्की-४ या सोव्हिएत कॅमेऱ्यात शटर कॉक करण्याआधी, म्हणजे त्याची स्प्रिंग ताणून सज्ज करण्याआधी, शटरचा वेग बदलला तर यंत्रणा बिघडू शकते. याउलट कॉम्पुर-रॅपिड या लेन्समधल्या शटरवर सर्वांत वरचा वेग कॉक करण्याआधीच लावायचा असतो. दोन्ही शेजारी मांडलेले असले की एकाची सवय दुसऱ्याचा घात करते, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यापुढे दोन ओळींची चिठ्ठी ठेवा. अडकलेल्या खटक्यावर जोर लावायचा नाही. लेन्समधल्या शटरच्या पात्यांना तेल मुळीच नाही, ती कोरडीच चालतात. भात्याचे, म्हणजे घडीच्या पिशवीसारखा पुढचा भाग असलेले, कॅमेरे सावकाश उघडा; झटका दिला तर हवा ओढली जाऊन फिल्म जागची हलते.

लेन्समधल्या बुरशीला सगळे घाबरतात, पण बीजाणू हवेत असतातच. खरा दोष दमटपणाचा. कॅमेरे चामड्याच्या केसमध्ये कोंडून ठेवू नका, चामडं ओल धरतं. जुन्या निगेटिव्हच्या गठ्ठ्यांबाबत मात्र कडक राहा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची काही फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असते आणि ती भयंकर पेट घेते. चिकट, पिवळी पडलेली, उग्र वासाची निगेटिव्ह कोणी आणली तर ती बैठकीत नको. ती उष्णतेपासून दूर ठेवून अभिलेखागारातल्या जाणकाराला विचारा.

खरेदी-विक्री

व्यवहाराला शेवटचा अर्धा तास द्या. विकणाऱ्याने दोष लिहिलेलं कार्ड लावावं: शटरचे मंद वेग, लेन्समधला धुरकटपणा, बंद पडलेला प्रकाशमापक. ‘माझ्या मते चालतो’ हे कार्डावर चालणार नाही. लायकाच्या बाबतीत दोन जाणकारांनी वस्तू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण सोव्हिएत फेड आणि झॉर्की कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव कोरून विकले गेलेले नमुने सर्रास आढळतात. लेन्स काढून आत पाहा. रेंजफाइंडरच्या, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेच्या, दांड्याच्या टोकाला अस्सल लायकात छोटं गोल चाक असतं, फेड-झॉर्कीत बहुधा सपाट पातं.

नोंदी आणि वारसा

प्रत्येक सभासदाने आपल्या वस्तूंची यादी करावी: क्रमांक, फोटो, कुठून आली, काय दुरुस्त केलं. तिची प्रत क्लबकडे बंद पाकिटात ठेवावी. सभासदाचं निधन झालं की घरच्यांपुढे कॅमेऱ्यांचं कपाट उभं राहतं आणि पहिला भेटेल त्याला ते विकलं जातं. क्लबने दोन सभासद पाठवून यादी पडताळून द्यावी, विकायला मदत करावी. त्या दोघांनी मात्र त्या संग्रहातलं काहीही स्वतः विकत घ्यायचं नाही, हा नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवा.