ड्रमची रूडिमेंट्स शिकताय? या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याकडची पोरं साइड ड्रमची रूडिमेंट्स, म्हणजे स्टिकच्या फटक्यांचे मूळ नमुने, शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "दादा, स्पीड कधी येईल?" सगळ्या चुका या घाईतूनच सुरू होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सिंगल स्ट्रोक (दोन्ही हातांनी आळीपाळीने एकेक फटका) जरा जमला की मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला 120 टिकांवर नेणं. वेगात डावा हात काय करतोय ते ऐकूच येत नाही, उजव्याच्या आवाजाखाली तो झाकला जातो. अमळनेरकडचा एक मुलगा मोबाइलवर बघून डबल स्ट्रोक रोल (प्रत्येक हाताने दोन-दोन फटके) शिकून आला होता. ऐकायला झकास. मी मेट्रोनोम 60 वर लावला आणि एका टिकेला दोनच स्ट्रोक मारायला सांगितले, तेव्हा डाव्याचा दुसरा स्ट्रोक नुसता घरंगळताना दिसला. मनगट हलतच नव्हतं. त्याला पटलं नाही, सीझन गाठायचा होता. भर वैशाखात एका वरातीत त्याचा हात कोपरापर्यंत आखडला. "दादा, हात दुखस," म्हणत त्याने ड्रम गळ्यातून उतरवला आणि उरलेली वरात दुसऱ्याने वाजवली. पुढे पावसाळाभर आम्ही 60 वरच बसलो. दोन्ही स्ट्रोक मनगटातून, दोन्हींची उंची सारखी. माझी सवय अशी की प्रत्येक रूडिमेंट डाव्याने सुरू करायचं. पॅराडिडलसुद्धा डावा-उजवा-डावा-डावा असं आधी, मग उलट.

दुसरी चूक मेहनती पोरं करतात. हळू वाजवायचं म्हणून ती स्टिकच हळूहळू खाली आणतात आणि सरावाच्या पॅडवर दाबून ठेवतात. असं कितीही महिने केलं तरी वेग येणार नाही, कारण वेगात लागणारी हालचाल हातात बसतच नाही. हळू म्हणजे दोन स्ट्रोकमधलं अंतर जास्त. स्ट्रोक मात्र चपळच हवा. स्टिक आदळली की उसळून आपोआप वर यायला हवी आणि पुढच्या टिकेची वाट वरच बघायला हवी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, हाताला घाम सुटतो आणि मूठ आवळली जाते. फडकं जवळ ठेवा, हात पुसा. पकड अंगठा आणि तर्जनीत, बाकीची बोटं नुसती टेकलेली.

रोजचा सराव उशीवर करू नका, तिथे स्टिक उसळतच नाही.

फ्लॅममध्ये, म्हणजे छोट्या फटक्याला लागूनच मोठा फटका मारताना, छोटा स्ट्रोक पॅडच्या अगदी जवळून मारा. दोन्ही स्टिक सारख्या उचलल्या तर फ्लॅम होत नाही.

पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवाद्यांच्या संस्थेच्या 1984 च्या यादीत 40 रूडिमेंट्स आहेत. ती पाठ करून दाखवणारे मला अजिबात आवडत नाहीत. सिंगल, डबल, पॅराडिडल आणि फ्लॅम एवढ्यावर पहिलं वर्ष काढा.

मेट्रोनोम एका वेळी चार-पाचनेच वाढवा. खांदा वर चढला किंवा श्वास रोखला गेला, की लगेच दहाने खाली या.