गुणी संघ बेभरवशाचा का ठरतो, हे कसे शोधावे

पाकिस्तानच्या क्रिकेट संघाला 'लहरी' हे विशेषण इतक्या सहजपणे लावले जाते की ते वर्णन आहे की स्पष्टीकरण, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. एकदिवसीय विश्वचषकात ३१ मे २०१९ रोजी इंग्लंडमधील ट्रेंट ब्रिजवर हा संघ वेस्ट इंडीजविरुद्ध १०५ धावांत गारद झाला आणि ३ जूनला त्याच मैदानावर, पुढे विश्वविजेत्या ठरलेल्या इंग्लंडविरुद्ध ३४८ धावा करून १४ धावांनी जिंकला. असे दोन निकाल शेजारी ठेवले की 'त्यांचा स्वभावच तसा' असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि तो आवरल्याखेरीज या विषयाचा अभ्यास सुरूच होत नाही असे मला वाटते. लहरीलाही ठावठिकाणा असतो. ती फलंदाजीत असते, खेळपट्टीच्या वाचनात असते, निवड समितीच्या बैठकीत असते किंवा क्रिकेट मंडळाच्या कार्यालयात असते. हाती धावफलक आणि थोडी चिकाटी असेल तर कोणत्याही क्रिकेटरसिकाला ती हुडकून काढता येते. पुढील उदाहरणे मुख्यतः पाकिस्तानची आहेत, कारण इतकी गुणवत्ता आणि इतकी अनिश्चितता एकाच संघात क्वचितच नांदते.

सर्वप्रथम, आपण ज्याला सातत्याचा अभाव म्हणतो तो खरोखर तसा आहे की निव्वळ योगायोगाचा खेळ आहे, हे ठरवावे. समजा, एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि ती कधीही बदलत नाही. अशा संघाने १० सामन्यांत ४ विजय मिळवले काय आणि ८ मिळवले काय, दोन्हींत नवल काही नाही. इतकेच नव्हे, तर २० सामन्यांच्या ओघात कुठेतरी सलग तीन पराभव पदरी पडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक भरते. म्हणजे ज्याची ताकद तसूभरही हललेली नाही, असा संघसुद्धा बाहेरून पाहणाऱ्याला लहरी भासू शकतो. म्हणून निदान दोन-तीन वर्षांचे सामने एकत्र घ्यावेत आणि क्रिकेटचे तिन्ही प्रकार वेगवेगळ्या रकान्यांत मांडावेत. टी-२० सामना एखाद्या षटकात फिरतो, तर कसोटी जिंकायला सहसा वीस गडी बाद करावे लागतात आणि तेवढा वेळ नशीब एकाच बाजूला उभे राहत नाही. जून २०२४ मध्ये डॅलस येथे अमेरिकेकडून सुपर ओव्हरमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा षटकात, झालेला पराभव कितीही नाचक्कीचा असला तरी पुरावा म्हणून तो हलका आहे. त्याच वर्षी रावळपिंडीत बांगलादेशकडून दोन्ही कसोटी गमावणे हा पुरावा मात्र जड आहे.

येथे एक पथ्य पाळावे. परक्या संघाला एक फूटपट्टी आणि आपल्या संघाला दुसरी, असे होऊ देऊ नये. भारतीय संघ ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूला ४६ धावांत बाद झाला, न्यूझीलंडविरुद्धची मालिका मायदेशात ०-३ अशी हरला आणि त्याच नोव्हेंबरात पर्थला त्याने ऑस्ट्रेलियाचा २९५ धावांनी पराभव केला. हाच आलेख पाकिस्तानचा असता तर आपण कोणता शब्द वापरला असता, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

योगायोग वजा करूनही चढउतार उरत असतील, तर निकालाचा रकाना झाकून ठेवावा आणि फलंदाजी व गोलंदाजी स्वतंत्रपणे तपासावी. विजय-पराभव हा दोन्हींचा मिळून आलेला हिशेब असल्याने एक बाजू स्थिर आणि दुसरी डळमळीत असली तरी बाहेरून संपूर्ण संघच डळमळीत दिसतो. प्रत्येक सामन्यासाठी दोनच प्रश्न विचारावेत: त्या खेळपट्टीच्या मानाने गोलंदाजांनी आपले काम केले का, आणि फलंदाजांनी केले का? २०२२ च्या टी-२० विश्वचषकात पर्थ येथे पाकिस्तानी गोलंदाजांनी झिम्बाब्वेला १३० धावांत रोखले आणि संघ एका धावेने हरला. २०२४ च्या स्पर्धेत न्यूयॉर्क येथे त्यांनी भारताला ११९ धावांत गुंडाळले आणि संघ सहा धावांनी हरला. १९९९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर तर फलंदाजांनी १३२ धावांत डाव आटोपता घेतला, त्यामुळे गोलंदाजांना लढायला काही उरलेच नाही. हे सामने एका कागदावर उतरवले की 'काय होईल ते सांगता येत नाही' हे वाक्य लंगडे पडते, कारण कुठे घोटाळा होईल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

गोलंदाजी आणि फलंदाजी यांच्या घडणीतला फरकही याच टप्प्यावर लक्षात घ्यावा. पाकिस्तानात टेप गुंडाळलेल्या टेनिस चेंडूने खेळल्या जाणाऱ्या गल्ली-क्रिकेटमधून वेगवान गोलंदाज थेट वर येऊ शकतो. हारिस रौफ हे अलीकडचे ठळक उदाहरण. वेग आणि यॉर्कर यांची तालीम तिथे आपोआप होते. कसलेला फलंदाज मात्र असा गवसत नाही, कारण हलणाऱ्या नव्या चेंडूसमोर तासन्‌तास उभे राहणे आणि पडझड झाल्यावर डाव सावरणे हे चार दिवसांच्या देशांतर्गत सामन्यांतच अंगी बाणते. नेमकी हीच व्यवस्था तेथे वारंवार उखडली गेली. बँका आणि सरकारी खात्यांचे संघ २०१९ मध्ये बंद करून सहा प्रांतिक संघांची रचना आणली गेली आणि २०२२ च्या अखेरीस ती मोडून जुन्या रचनेकडे परत जाण्याचे ठरले. अशा धरसोडीत फलंदाजांची एक पिढी अर्धवट शिजलेली राहिली तर दोष त्या पिढीच्या स्वभावाला देता येत नाही. ज्या संघाचा अभ्यास करायचा, त्याच्या देशांतर्गत स्पर्धांचा मागील दहा वर्षांचा इतिहास म्हणूनच वाचून घ्यावा. तो रटाळ असतो, पण त्याला पर्याय नाही.

पुढचा प्रश्न खेळपट्टीचा. संघात गुणवत्ता असणे आणि त्या दिवशीच्या मैदानासाठी योग्य गुणवत्ता अकरा जणांत असणे, या दोन गोष्टींत किती अंतर असते हे पाहायचे असेल तर २०२४ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमधील पाकिस्तानच्या कसोटी बारकाईने पाहाव्यात. रावळपिंडीच्या पहिल्या कसोटीत त्यांनी एकही तज्ज्ञ फिरकी गोलंदाज न घेता चार वेगवान गोलंदाज खेळवले, ६ बाद ४४८ वर डाव घोषित केला आणि बांगलादेशच्या फिरकीपुढे दुसऱ्या डावात १४६ धावांत कोसळून दहा गडी राखून पराभव ओढवून घेतला. ऑक्टोबरमध्ये मुलतानला इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात ५५६ धावा करूनही संघ डावाने हरला, कारण इंग्लंडने ७ बाद ८२३ धावांचा डोंगर रचला. त्यानंतर निवड समिती बदलली, बाबर आझम, शाहीन शाह आफ्रिदी आणि नसीम शाह यांना वगळण्यात आले, आणि मुलतानची तीच वापरलेली खेळपट्टी मोठे पंखे लावून वाळवण्यात आली. नोमान अली आणि साजिद खान या दोन फिरकीपटूंनी मिळून इंग्लंडचे वीसही गडी बाद केले, सामना १५२ धावांनी जिंकला आणि पुढे रावळपिंडीला मालिकाही २-१ अशी खिशात घातली. फेब्रुवारी २०२१ नंतर मायदेशात एकही कसोटी न जिंकलेल्या संघाने ही मालिका जिंकली, तेव्हा नोमान अडतीस वर्षांचा होता. तो आणि साजिद कुठून उगवून आलेले नव्हते. दोघेही आधीपासून उपलब्ध होते.

मात्र या उदाहरणाचा अर्धाच भाग वाचून थांबू नये. जानेवारी २०२५ मध्ये मुलतानलाच अशाच फिरकीला पोषक खेळपट्टीवर वेस्ट इंडीजने पाकिस्तानला १२० धावांनी हरवले. खेळपट्टी जितकी टोकाची, तितकी दोन संघांच्या फलंदाजीतली तफावत पुसली जाते आणि निकालातला नशिबाचा वाटा वाढतो, हे ध्यानात ठेवून मगच घरच्या निकालांना गुण द्यावेत.

यानंतर वरच्या मजल्याकडे वळावे. अलीकडच्या एका मालिकेतील अकरा नावे आणि बरोबर वर्षभरापूर्वीच्या मालिकेतील अकरा नावे शेजारी लिहून समान नावे मोजावीत. त्याखाली कर्णधार, मुख्य प्रशिक्षक आणि मंडळाध्यक्ष यांची नावे टाकावीत. पाकिस्तानच्या टी-२० संघाचे नेतृत्व नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२५ या काळात बाबर आझमकडून शाहीन आफ्रिदीकडे, एका मालिकेनंतर पुन्हा बाबरकडे, तेथून मोहम्मद रिझवानकडे आणि मग सलमान आगाकडे गेले. एप्रिल २०२४ मध्ये नेमलेले मुख्य प्रशिक्षक, एकदिवसीय व टी-२० साठीचे गॅरी कर्स्टन ऑक्टोबरात आणि कसोटीसाठीचे जेसन गिलेस्पी डिसेंबरात, पद सोडून गेले. मंडळाच्या अध्यक्षपदावर डिसेंबर २०२२ पासून चौदा महिन्यांत रमीझ राजा, नजम सेठी, झका अश्रफ आणि मोहसीन नक्वी अशी चार नावे दिसतात, आणि देशाचा पंतप्रधान हाच मंडळाचा आश्रयदाता असल्याने सरकार बदलले की मंडळाचे वारेही बदलते. उद्या आपण संघात असू की नाही याची खात्री नसलेला फलंदाज संघाला हव्या असलेल्या संथ तीस धावांपेक्षा स्वतःची जागा वाचवणाऱ्या धावांकडे झुकला, तर त्यात आश्चर्य ते काय!

तरीही बदलांची यादी हाती येताच तिलाच कारण ठरवण्याची घाई करू नये, कारण पराभवामुळेही बदल होतात. आधी काय घडले, हे तारखा लावून तपासावे. इंग्लंडचा संघ २०१५ च्या विश्वचषकात ॲडलेडला बांगलादेशकडून हरून साखळीतच बाद झाला, तेव्हा प्रशिक्षक बदलला, खेळण्याची पद्धत बदलली, पण ऑयन मॉर्गनचे कर्णधारपद कायम राहिले आणि चार वर्षांनी त्याच मॉर्गनने चषक उचलला. त्याहून बोलका दाखला खुद्द पाकिस्तानचा आहे. मार्च २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघावर हल्ला झाल्यानंतर त्यांना घरचे मैदान उरले नाही, २०१० मध्ये लॉर्ड्सवरील स्पॉट-फिक्सिंगने कर्णधारासह तीन खेळाडू गमावले, आणि अशा वेळी मिसबाह-उल-हककडे आलेले कसोटी कर्णधारपद २०१७ पर्यंत त्याच्याकडेच राहिले. संयुक्त अरब अमिरातीच्या उसन्या मैदानांवर या संघाने २०१२ मध्ये इंग्लंडला ३-० असे धुतले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये कसोटी क्रमवारीत पहिले स्थान गाठले. स्वभाव देशाचा असता, तर तो सात वर्षांसाठी रजेवर कसा गेला?

राखीव फळीची तपासणी थोडक्यात उरकता येते: दोन प्रमुख खेळाडू जायबंदी झाल्यावर काय होते, एवढेच पाहावे. २०२४ च्या अखेरीस पाकिस्तानने एकदिवसीय मालिकांत ऑस्ट्रेलियाला २-१ आणि दक्षिण आफ्रिकेला ३-० असे त्यांच्याच घरी हरवले. त्यानंतर सलामीवीर सैम अयूबचा घोटा दुखावला, चॅम्पियन्स करंडकाच्या पहिल्याच सामन्यात फखर झमानही जायबंदी झाला, आणि यजमान संघ एकही विजय न मिळवता स्पर्धेबाहेर पडला. क्षेत्ररक्षणासाठी सुटलेल्या झेलांची नोंद ठेवणे पुरेसे आहे.

एका संघाचे निदान दुसऱ्याला जसेच्या तसे चिकटवू नये, हेही सांगायला हवे. वेस्ट इंडीजने २०१२ आणि २०१६ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकला, २०२३ च्या एकदिवसीय विश्वचषकासाठी तो पात्रही ठरला नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याने ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर कसोटीत ऑस्ट्रेलियाला आठ धावांनी हरवले. लक्षण तेच, पण येथे अनेक स्वतंत्र देशांचा मिळून एक संघ आहे, मानधनाच्या वादातून २०१४ चा भारत दौरा अर्धवट सोडण्यापर्यंत मजल गेलेली आहे, आणि उत्तम खेळाडू जगभरच्या लीगमध्ये विखुरलेले आहेत. त्यामुळे तपासाची सुरुवात येथे मंडळ आणि खेळाडू यांच्यातील करारांपासून करणे अधिक सोयीचे.

हे सर्व झाल्यावर जे उरते, त्यालाच दडपण, आत्मविश्वास किंवा स्वभाव म्हणावे, आणि तेही जपून. ट्रेंट ब्रिजच्या त्या १०५ धावांत वेस्ट इंडीजच्या आखूड टप्प्याच्या माऱ्याचा वाटा किती आणि मनाच्या कमकुवतपणाचा किती, हे धावफलक सांगत नाही. तो पराभव किती महागात पडला, हे मात्र सांगतो: साखळीच्या अखेरीस पाकिस्तान आणि न्यूझीलंड यांचे प्रत्येकी ११ गुण होते, आपसांतला सामना पाकिस्तानने जिंकला होता, पण त्या पहिल्या दिवशी निव्वळ धावगतीला (केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वेगातील फरकाला) पडलेले भगदाड शेवटपर्यंत बुजले नाही आणि उपांत्य फेरीत न्यूझीलंड गेले. उलट बाजूचा दाखला १९९२ च्या विश्वचषकाचा आहे. ॲडलेडला इंग्लंडविरुद्ध पाकिस्तान ७४ धावांत सर्वबाद झाला, पाऊस आला, सामना अनिर्णित राहून एक गुण मिळाला. साखळीत पाकिस्तानचे ९ आणि ऑस्ट्रेलियाचे ८ गुण झाले, त्यामुळे उपांत्य फेरीतली शेवटची जागा पाकिस्तानला मिळाली, आणि २५ मार्चला मेलबर्नमध्ये त्याच इंग्लंडला २२ धावांनी हरवून इम्रान खानने विश्वचषक उंचावला.