कोल्हापुरातून पाळक आणि पुढं सेमिनरीत प्राध्यापक कसं व्हायचं

आपल्या मंडळीतली (चर्चमधली) पोरं विचारतात, दादा पाळक (पास्टर) व्हायचंय आणि पुढं सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, ईश्वरविज्ञान शिकवायचंय, सुरुवात कुठनं करू. तर भावा, पहिला फॉर्म भरू नकोस, पहिलं तुझ्या पाळकसाहेबांकडं जाऊन बस.

कारण आपल्याकडच्या प्रेसबिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या पद्धतीत एकट्यानं ठरवून कोणी पाळक होत नाही. शब्दच ग्रीक आहे, प्रेसबुतेरोस म्हणजे वडील, मंडळी वडीलजन मिळून चालवतात, आणि त्यांच्या वर अनेक मंडळ्यांची मिळून प्रेसबिटरी. तीच उमेदवाराला पारखते, आणि शिक्षण झाल्यावर मंडळीनं बोलावलं की डोक्यावर हात ठेवून पाळकपदाची दीक्षा देते. आपल्याकडं १८५२ ला अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर आले तेव्हापासून ही परंपरा आहे, पण १९७० ला बरेच पंथ एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाल्यावर त्यात गेलेल्या मंडळ्यांत बिशप (अनेक मंडळ्यांवरचे प्रमुख) आले, तिथं आधी डीकन (सेवक) मग प्रेसबिटर (पूर्ण पाळक) अशी दीक्षा असते. त्यामुळं तुझी मंडळी कुठल्या व्यवस्थेत आहे ते आधी नीट विचारून घे, कागदपत्रं त्यावरच ठरतात.

मग शिक्षण. ग्रॅज्युएशन पूर्ण कर, त्यानंतर बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पाळकाची पदवी) ४ वर्षांची. डिग्री सेरामपूरची असेल तर बरं (नगरचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं, कॉलेज १८१८ चं, आणि १८२७ ला डेन्मार्कच्या राजानं सनद दिली म्हणून डिग्री द्यायचा अधिकार मिळाला). जवळ म्हणशील तर पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, तिथं कुठले कोर्स चालतात ते बघून ये, शिकवणं इंग्रजीत असतं, त्याची तयारी आत्तापासून कर.

हिब्रू आणि ग्रीक या बायबलच्या मूळ भाषांना पोरं घाबरतात. हिब्रूची २२ अक्षरं, ग्रीकची २४, रोज अर्धा तास वहीत गिरवलीस तर महिन्यात वाचायला येतं. पंडिता रमाबाईंनी या भाषा शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, आपण निदान मूळ वचन उघडून बघण्याइतकं तरी शिकूया ना.

बी.डी. झाली की लगेच एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी, पुढची पदवी) ला पळू नकोस, हे मी हात जोडून सांगतो. आधी काही वर्षं मंडळी सांभाळ, बाप्तिस्मे, प्रभुभोजन, मिरजेच्या दवाखान्यात पेशंटजवळ रात्र काढणं, मातीला जाऊन घरच्यांसोबत बसणं, रविवारी ऊसतोड करून दमून आलेल्या माणसाला कळेल असा संदेश देणं. दुःखाबद्दलचा धडा वर्गात शिकवताना हीच माणसं डोळ्यासमोर येतात, आणि ज्यानं ती बघितली नाहीत त्याचं शिकवणं पोकळ वाटतं, विद्यार्थ्यांना ते पहिल्या आठवड्यात कळतं.

त्यानंतर २ वर्षांची एम.टीएच., एकच शाखा पकडायची, ईश्वरविज्ञान किंवा मंडळीचा इतिहास किंवा जुना करार, आणि मग डॉक्टरेट. विषय शक्यतो इथलाच घे, ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तनातून येशू कसा सांगितला यावर काम करायला अजून भरपूर जागा आहे, आणि मराठी येणारा माणूसच ते करू शकतो. सेमिनरीत लागलास तरी महिन्यातनं एक रविवार गावाकडच्या एखाद्या मंडळीत संदेश द्यायला जात जा.

पैशाचं घरी आधीच बोल, पाळकाचा पगार कमीच असतो, बायकोला आणि आईवडिलांना हे लग्नाआधी माहीत असलेलं चांगलं.