शाळेचा वार्षिकांक काढताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

अंक हातात पडला की मुलं काय करतात ते एकदा बघा. संपादकीय कुणी उघडत नाही, मुख्याध्यापकांचं मनोगत तर नाहीच नाही. थेट आपल्या वर्गाचा फोटो, त्यात आपण, आणि त्याखाली आपलं नाव. ते सापडलं आणि बरोबर असलं की मग बाकीचा अंक चाळायला घेतात. मी मराठी माध्यमाच्या शाळेत भाषा शिकवते आणि गेली सात-आठ वर्षं अंकाचं काम माझ्याच गळ्यात आहे (पहिल्या वर्षी स्टाफ मीटिंगला उशिरा पोचले, त्याची शिक्षा), आणि एवढ्या वर्षांत कागद पातळ आहे किंवा कव्हर फिकट आहे म्हणून एकही पालक भांडायला आला नाही. जे आले ते सगळे नावावरून नाहीतर फोटोवरून. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ग्रुप फोटो आणि त्याखालची नावं

आमचा सगळ्यात मोठा घोळ ७ वी ब चा. फोटो छान आला होता, नावं रांगेप्रमाणे लिहून घेतलेली, प्रूफ (छापण्याआधी तपासायची प्रत) दोनदा वाचलेलं, आणि अंक वाटल्यावर दहा मिनिटांत वर्गात गोंधळ, कारण प्रत्येक रांगेतली सगळी नावं उलटी. झालं असं की डीटीपीवाल्या (कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्या) दादांना फोटोतल्या मुलांची तोंडं पानाच्या आतल्या बाजूला हवी होती, डिझाइनच्या दृष्टीने तसं बरं दिसतं म्हणे, म्हणून त्यांनी फोटो आडवा फ्लिप केला, म्हणजे आरशात दिसतो तसा उलटा. नावं मात्र 'डावीकडून' तशीच राहिली. मला प्रूफमध्ये कळलं नाही कारण मी अक्षरं वाचत होते, फोटो बघत नव्हते. एक मुलगी मधल्या सुट्टीत बाकावर बसून मन लावून पेनने खाली छापलेलं नाव खोडत होती आणि वर बारीक अक्षरात स्वतःचं लिहीत होती, ते बघून मला जे वाटलं ते सांगत बसत नाही.

तेव्हापासून मी आधी खिसा बघते. शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो, म्हणजे समोरून फोटो बघताना तो आपल्या उजव्या हाताला दिसायला हवा. उलट दिसला की फोटो फ्लिप झालाय. पाच सेकंदांचं काम आहे, प्रत्येक तुकडीच्या फोटोवर करा.

नावं लिहून घ्यायची आमची जुनी पद्धत म्हणजे एक कागद रांगेतून फिरवायचा. त्यात मागची रांग बाकावर उभी असते, कागद पडतो, कुणीतरी मित्राचं नाव आधी टाकतं, कुणी नुसतं 'बंटी' लिहितं. आता फोटो काढून झाला की मुलांना हलू द्यायचं नाही, मोबाईल हातात घेऊन रांगेवरून सावकाश व्हिडिओ काढायचा आणि प्रत्येकाने आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं. मागच्या रांगेचा दीड मिनिट, पुढच्यांचा एकेक, झालं. नंतर वाद झाला तर पुरावा पण असतो.

आणि गैरहजर मुलं! फोटोच्या दिवशी प्रत्येक वर्गात चार-पाच जण नसतातच. 'अनुपस्थित' अशी ओळ टाकून मोकळं होऊ नका, पुढच्या आठवड्यात त्यांचे सुटे फोटो घ्या आणि वर्गाच्या फोटोशेजारी लहान चौकटीत लावा. वीस मिनिटं जातात पण ते मूल अंकात दिसतं.

काळेचा काले कसा होतो

नावांची यादी ऑफिसमधून मागितली की बहुतेक वेळा ऑनलाइन भरलेली इंग्रजी एक्सेल मिळते, आणि मग कुणीतरी घाईत तिचं मराठी करतं. तिथे काळेचा काले होतो, राणेचा राने होतो, शीतलची शितल होते. इंग्रजी स्पेलिंगवरून ळ की ल, ण की न, ट की त हे कळायला काही मार्गच नाही. नावं जनरल रजिस्टरवरून घ्या, तिथे मराठीत असतात. पण रजिस्टरमध्येही जुन्या चुका असतात, त्यामुळे शेवटचा उपाय एकच: प्रत्येक तुकडीच्या नावांची प्रिंट वर्गात दोन दिवस भिंतीवर लावायची, शेजारी दोऱ्याला बांधलेलं लाल पेन. मुलं स्वतःच्या नावाचं प्रूफ आपल्यापेक्षा दहापट कडक वाचतात.

यात एक माझी स्वतःची करामत. एका वर्षी लेखांमध्ये 'की' च्या जागी सगळीकडे 'कि' पडलं होतं, मला वाटलं हे एकेक कुठे शोधत बसू, फाइंड-रिप्लेस मारलं सगळ्या फाइलवर. 'कि' चं 'की' झालं. त्याबरोबर किती चं कीती, किल्ला चा कील्ला, आणि तीन किरण होते शाळेत, तिघंही कीरण झाले. रिप्लेस करायचंच असेल तर शब्दाच्या आधी आणि नंतर स्पेस देऊन करा, आणि 'रिप्लेस ऑल' ला हात लावण्याआधी फाइलची कॉपी ठेवा.

अक्षरं फुटतायत, चौकोन येतायत, वेलांटी पळतेय

आपल्याकडे हा त्रास ठरलेला, कारण शिक्षक मोबाईलवर युनिकोडमध्ये (कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येतं तसं) टाइप करतात आणि डीटीपीवाले अजून श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. मधे एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारा कन्व्हर्टर येतो आणि तिथे नेमकी आपली मराठीची खास अक्षरं मार खातात: कऱ्हाड, वाऱ्यावर, तऱ्हा यातला अर्धा ऱ, मग ॲ आणि ऑ, कधी कधी ज्ञ. कन्व्हर्ट झालेल्या मजकुरात एवढेच शब्द आधी शोधून बघा. ते नीट असतील तर बाकीचं बहुधा नीट असतं.

शक्य असेल तर सरळ युनिकोडमध्येच पानं लावायला सांगा. इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मजकूर पेस्ट केल्यावर 'विद्यार्थी' ची पहिली वेलांटी व च्या नंतर जाऊन बसली, जोडाक्षरं सुटी पडली, तर फॉन्ट बदलत बसू नका, पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडायचा असतो, तो निवडला की सगळं जागेवर येतं. हे कळायला आमची एक अख्खी संध्याकाळ गेली, डीटीपीवाले दादा आणि मी दोघं मिळून फॉन्टवरच संशय घेत होतो. फॉन्ट म्हणाल तर राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू फुकट मिळतात. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. शासनाने २००९ मध्येच मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय, भाषेच्या शिक्षकांनी तरी ते बघावं, असा माझा हट्ट आहे. बाकी स्टाफ हसतो, हसू दे.

प्रेसमध्ये गेल्यावर पीडीएफमध्ये चौकोन दिसले तर फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड झालेला, म्हणजे फाइलच्या आतच जोडलेला, नाही. कोरल या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह्ज करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, देतात त्याने हा प्रश्न सुटतो, फक्त कर्व्ह्ज केल्यावर एक काना पण दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा.

फोटो अंधुक किंवा काळपट आले

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे तो फोटो जेमतेम सव्वापाच इंच नीट छापला जाणार, आणि आपण तो ए-फोर पानभर ताणतो. ए-फोरच्या नुसत्या रुंदीलाच साधारण २४८० पिक्सेल हवेत. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा नाहीतर ड्राइव्हवर टाकायला. हे ऑगस्टमध्येच स्टाफ ग्रुपवर पिन करून ठेवा, कारण स्वातंत्र्यदिनाचे फोटो डिसेंबरपर्यंत सरांच्या मोबाईलमध्ये राहत नाहीत, 'स्टोरेज फुल' झाल्यावर सगळ्यात आधी शाळेचे फोटो उडतात.

काळपट यायचं कारण वेगळं. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि छपाई चार शाईंनी करते, शिवाय मॅपलिथोसारखा साधा कागद शाई पितो. म्हणून साध्या कागदावर चेहरे स्क्रीनवर बरे वाटतात त्याहून थोडे उजळ करून द्यावे लागतात. बजेट कमी असेल तर लेख-कवितांना साधा कागद आणि वर्गाच्या फोटोंची पानं एकत्र करून तेवढीच गुळगुळीत आर्ट पेपरवर घ्या. आणि पूर्ण अंकाची नको, पण फोटोच्या एका पानाची प्रिंट त्याच कागदावर मागून घ्या.

कडेला उभ्या मुलांचे अर्धे हात कापले जाणं हाही नेहमीचा प्रकार. प्रेसवाले पानाबाहेर ३ मिलिमीटर ब्लीड (कापून टाकायचा जास्तीचा भाग) मागतात कारण कटिंगमध्ये कड थोडी इकडेतिकडे होते. ग्रुप फोटो काठापर्यंत लावूच नका.

पानं बसत नाहीयेत

सेंटर पिन (मधल्या घडीवर पिन) मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात आणि छपाईचे फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) साधारण ८ किंवा १६ पानांचे असतात. ६४ पानं ठरलेली असताना शेवटच्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांचा संदेश आला आणि आपण ६६ म्हटलं, तर ती ६८ होतात, वरच्या चार पानांचा वेगळा खर्च येतो आणि दोन पानं कोरी राहतात. संदेशांसाठी आधीच दोन पानं धरा आणि तिथेच थांबा. मी काही अंक बघितलेत ज्यात पहिली बारा पानं शुभेच्छापत्रंच आहेत, लेटरहेडसकट. कोण वाचतं?

त्यापेक्षा मुलांच्या मजकुराला जागा द्या, पण तोही तपासून. सुंदर कविता आली की दुसरी ओळ अवतरणचिन्हात टाकून नेटवर शोधा, पाठ्यपुस्तकातली निघाल्याचंही आम्ही बघितलंय. हल्ली एआयकडून लिहून आणतात ते शोधून सापडत नाही, तिथे मुलाला समोर बसवून विचारायचं की बाबा हे तुला कुठून सुचलं. एका पोराने आजीच्या शेळीवर लिहिलं होतं, अर्धी वाक्यं त्यांच्या बोलीत, मी प्रमाण मराठी करायला पेन उचललं आणि ठेवलं. तोच लेख स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वाचला.

उशीर

अंक स्नेहसंमेलनात प्रकाशित करायचा असतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. तो हुकला तर दहावीची मुलं निरोप समारंभ करून निघून जातात, मग बोर्डाची परीक्षा, आणि अंक एप्रिलमध्ये येतो तेव्हा ज्यांचं शाळेतलं शेवटचं वर्ष आहे तेच घ्यायला नसतात. आमचा एकदा असाच आला. निकालाच्या दिवशी वाटू म्हणून गठ्ठे ठेवले, पण निकाल हल्ली मोबाईलवर दिसतो, मार्कशीट न्यायला कुणी मामा येतात, कुणी शेजारी येतात.

आमचं आता असं ठरलंय: वर्गांचे फोटो दिवाळीच्या सुट्टीआधी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, दुपारी नाही. मजकूर सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात बंद. संमेलनाचे फोटो या अंकात घ्यायचा मोह टाळायचा, ते पुढच्या वर्षीच्या अंकात. 'संमेलनाचे फोटो आले की लगेच' म्हणत थांबलात तर संपलंच.

अंक कुणाला माहीतच नाही

छापून झाल्यावर प्रचार सुरू करणं ही चूक आम्ही चार वर्षं केली. अंदाजाने प्रती छापायच्या, मग प्रयोगशाळेच्या कपाटात परीक्षानळ्यांशेजारी उरलेले गठ्ठे. आता नोव्हेंबरमध्ये नोंदणी घेतो, वर्गशिक्षकांकडे यादी, पैसे भरले की यादीवर टिक, आणि नोंदणीपेक्षा थोड्याच जास्त प्रती छापतो. दोन-तीनशेच्या आत आकडा असेल तर ऑफसेटबरोबर (प्लेट बनवून होणाऱ्या नेहमीच्या छपाईबरोबर) डिजिटल छपाईचंही कोटेशन मागवा, तेवढ्या प्रतींना ते कधी कधी स्वस्त पडतं. ज्यांना परवडत नाही त्या मुलांच्या प्रती गाजावाजा न करता जाहिरातीच्या पैशातून काढायच्या.

व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' अशी नोटीस टाकली तर तिला अंगठे येतात, पैसे येत नाहीत. त्याऐवजी एका चित्राचा किंवा चार ओळींच्या कवितेचा तुकडा टाका, कुणाचं ते लिहू नका. 'ही आमच्या पोरीची!' म्हणून आई स्वतःच फॉरवर्ड करते. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अंकातलं एखादं पान टाका, त्या दिवशी जाहिरातीबद्दल विचारा, दुसऱ्या दिवशी नाही. स्टेशनरीवाला, गणवेशवाला, क्लासवाले हे आपले हक्काचे जाहिरातदार, पण त्यांच्याकडून मजकूर लेखी घ्या आणि छापण्याआधी प्रूफ दाखवून सही घ्या, फोन नंबरचा एक आकडा चुकला की पैसे विसरा.

मुलांचे फोटो छापील अंकात आणि ऑनलाइन पीडीएफमध्ये टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो, तेव्हा जूनच्या फॉर्मवरच दोन वेगळे रकाने ठेवा. पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर अंकात नकोतच. आणि क्यूआर कोड टाकणार असाल तर दुसऱ्याच कुणाच्या मोबाईलवर स्कॅन करून बघा. आमचा एका वर्षीचा कोड ड्राइव्हवरच्या बंद फोल्डरचा निघाला, आणि कॉम्प्युटरच्या सरांना रात्रभर पालकांच्या ॲक्सेस रिक्वेस्टचे मेल.

एवढं करूनही एखादं नाव चुकणारच. मग पुढच्या अंकात शुद्धिपत्र वगैरे नको, स्टिकर पेपरवर बरोबर नाव त्याच फॉन्टमध्ये छापून घ्या आणि त्या वर्गातल्या सगळ्या प्रतींवर चिकटवा. ७ वी ब साठी आम्ही फोटोखालच्या नावांची अख्खी पट्टीच नव्याने छापली आणि दोघी शिक्षिकांनी एका तासिकेत बाकाबाकावर जाऊन चिकटवली. ज्या मुलीने पेनने खोडलं होतं तिने मात्र स्टिकर लावू दिला नाही, म्हणाली बाई माझं झालंय.